हिशोब हिवाळ्याचा नको, मे महिन्याचा धरा

टँकमध्ये मासे किती ठेवायचे, या प्रश्नावर इथे कोणीतरी म्हटलंय की एका इंचाच्या माशामागे चार लिटर पाणी धरा न् भागाकार करून मोकळे व्हा. गप्पी, टेट्रासारख्या छोट्या माशांसाठी ठीक आहे, पण गोल्डफिशला हे गणित लावूच नका, तो जाडजूड मासा, खातो भरपूर न् घाणही तेवढीच करतो. शिवाय 2 बाय 1 बाय 1 फुटाचा टँक कागदावर 56 लिटरचा, खडी, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली की 45 च्या आसपासच उरतं.

पण उन्हाळ्याचं कोणीच बोललं नाही. आमच्या जळगावात मे मध्ये पारा 44-45 ला जातो, कूलरच्या खोलीतही माझ्या टँकचं पाणी 33 दाखवतं. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, 25 अंशाला लिटरमागे साधारण 8 मिलिग्रॅम, 35 ला 7 च्या जवळपास, आणि माशाला तेव्हाच जास्त लागतो. दोन वर्षांपूर्वी रात्री लाईट गेली, पाण्यात हवा सोडणारा एअर पंप बंद, पहाटे उठून बघते तर सगळे वर येऊन तोंडाची उघडझाप करताहेत, कल्ले नुसते धडधडताहेत. मी न् आईने तासभर मगाने पाणी काढून उंचावरून परत ओतलं, तरी तीन गेले, फार वाईट वाटलं. थंडीत हेच बारा मासे याच टँकमध्ये छान फिरत होते हो! आता सातच ठेवलेत, आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप टँकशेजारीच असतो.