मदत हवी आहे: १९७१ ची होंडा सीबी ३५०, डावा प्लग सतत काजळतो, इंजिन उघडावे का?

नमस्कार. जुन्या जपानी मोटरसायकली घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने उभ्या करणाऱ्या जाणकारांकडून मला एका निर्णयाबाबत सल्ला हवा आहे. माझ्याकडे १९७१ सालची होंडा सीबी ३५० आहे. ही १९६८ ते १९७३ या काळात निघालेली, ३२५ सी.सी.ची, दोन सिलिंडरची गाडी. याच नावाशी साधर्म्य असलेली चार सिलिंडरची गाडी वेगळी, हे आधीच स्पष्ट करतो, कारण दोन्हींचे कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे भाग) पूर्णपणे निराळे आहेत. गाडी सुरू होते आणि आयडलिंगही बऱ्यापैकी धरते, परंतु दहा-पंधरा मिनिटे चालवली की डाव्या सिलिंडरचा प्लग कोरड्या, काळ्या काजळीने भरतो आणि त्यानंतर ती केवळ उजव्या सिलिंडरवर ओढत राहते.

ती माझ्याकडे आली तेव्हा अनेक वर्षे बंद उभी होती आणि इंजिन जाम होते. किक मारण्याचा मोह मी टाळला, कारण गंजामुळे रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) सिलिंडरच्या भिंतीला धरून बसलेल्या असताना जोर केला तर रिंग तुटते किंवा भिंतीवर कायमचा ओरखडा उमटतो. प्लग काढून दोन्ही सिलिंडरमध्ये गंज सोडवणारे पातळ तेल भरले, दोन आठवडे तसेच राहू दिले आणि रोज रोटरच्या बोल्टला पाना लावून पुढे-मागे अगदी हलकासा ताण देत राहिलो. सोळाव्या दिवशी क्रँक (पिस्टनला जोडलेला मुख्य दांडा) केसाएवढा हलला, आणि त्या दिवशी मला झालेला आनंद अजून ताजा आहे. त्यानंतर ऑइल बदलले आणि क्लचच्या बाजूचा फिरता ऑइल फिल्टर उघडला. या गाडीत कागदी फिल्टर नसतो. फिरणाऱ्या भांड्यात केंद्रोत्सारी बलाने मळ बाहेरच्या कडेला जाऊन बसतो, आणि तिथे राखाडी गाळाचा जाड थर साचलेला होता. पेट्रोलच्या टाकीतील गंज सायट्रिक ॲसिडच्या द्रावणाने काढून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन ती पूर्ण वाळवली.

आता मूळ तक्रारीकडे येतो. दोन्ही प्लग नवे, बी८ईएस क्रमांकाचे, ०.७ मि.मी. अंतर ठेवलेले आहेत. त्यांची अदलाबदल केली तरी काजळी डावीकडेच येते. या गाडीत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारा स्विच) आणि स्वतंत्र कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी) असल्यामुळे कॉइलच्या जोडण्याही उलटसुलट करून पाहिल्या. तरीही दोष डावीकडेच राहिला. पॉइंटचे अंतर दोन्हीकडे ०.३५ मि.मी. आहे, आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, इंजिन पूर्ण थंड असताना इनटेकला ०.०५ व एक्झॉस्टला ०.१० मि.मी. ठेवले आहेत. कार्ब्युरेटर दोन्ही उघडून साफ केले. उजव्याचे जेट (पेट्रोल मापून सोडणारे भोकाचे पितळी तुकडे) सहज निघाले, म्हणून तिथे फक्त गॅस्केट बदलली. डाव्याचे जेट आणि नीडल जेट वाळलेल्या पेट्रोलच्या चिकट थरात इतके अडकले होते की ते कसेबसे काढून त्यांच्या जागी रिपेअर किटमधील नवे जेट, नीडल जेट आणि त्यात वर-खाली होणारी निमुळती सुई, म्हणजे नीडल, बसवली. फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची दोन्हीकडे मॅन्युअलप्रमाणे आहे.

मला खरी काळजी कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणाऱ्या दाबाची, वाटते. मापक लावून किक मारल्यावर उजवीकडे ९ आणि डावीकडे ८.५ किलो प्रति चौरस सें.मी. इतकेच आले. एका अनुभवी मेकॅनिकचे म्हणणे असे की रिंगा गेल्या आहेत, ऑइल वर चढते आहे, इंजिन उघडून नव्या रिंगा घालण्याशिवाय पर्याय नाही. तो सल्ला चुकीचा आहे असे म्हणण्याइतका माझा अनुभव नाही. परंतु हे इंजिन कारखान्यातून निघाल्यापासून कोणी उघडलेले दिसत नाही. आवरणांचे स्क्रू मूळचे आहेत आणि त्यांच्या खाचा शाबूत आहेत. जपानी मानकाच्या चौफुली स्क्रूला साधा चौफुली पेचकस लावला की तो खाचेतून वर सटकतो आणि डोके खराब होते, त्यामुळे पन्नास वर्षांनंतर असे स्क्रू पाहायला मिळणे दुर्मीळ असते. गरज असेल तर मी इंजिन नक्की उघडेन, मात्र गरज नसताना उघडल्याची खंत मला आयुष्यभर राहील. उघडण्यापूर्वी आणखी काय तपासावे, हे कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद

आपण इतके तपशील दिल्याबद्दल आभार, कारण उत्तर बहुधा त्यांतच आहे. कृपया इंजिन इतक्यात उघडू नका.

प्रथम कॉम्प्रेशनविषयी. या गाडीचे कार्ब्युरेटर असे आहेत की त्यांतील स्लाइड (हवेची वाट कमी-जास्त करणारा, नीडल धरलेला सरकता भाग) हाताच्या केबलने वर जात नाही, ती इंजिनाने निर्माण केलेल्या निर्वातामुळे डायफ्रॅममार्फत (रबरी पडद्यामार्फत) उचलली जाते. किक मारताना तेवढा निर्वात तयार होत नाही, त्यामुळे ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला तरी स्लाइड खालीच राहते, सिलिंडरला पुरेशी हवा मिळत नाही आणि मापकावर आकडा कमी दिसतो. इंजिन गरम करून, दोन्ही कार्ब्युरेटर उतरवून, दोन्ही प्लग काढून पुन्हा मोजा. शिवाय दोन्ही बाजूंत आपल्याला मिळालेला फरक अर्ध्या किलोचा आहे. एवढ्या फरकाने एक प्लग काळा आणि दुसरा स्वच्छ राहत नाही. ऑइल जळत असेल तर प्लगवरचा थर ओलसर, तेलकट असतो. आपण स्वतः त्याला कोरडी काजळी म्हटले आहे, आणि कोरडी काजळी म्हणजे जास्तीचे पेट्रोल.

दोष डावीकडेच का, याचे कारण मला त्या किटमध्ये दिसते. दोन्ही कार्ब्युरेटरमधला एकमेव मोठा फरक तोच आहे. किटमधील जेटवर मूळचाच क्रमांक कोरलेला असला तरी भोक त्याच मापाचे असेल याची खात्री नसते, आणि नीडलचा उतार किंवा नीडल जेटच्या बाजूची बारीक भोके वेगळी निघाली की आयडलिंग नीट राहूनही मधल्या रेसवर मिश्रण जाड होते, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त येते. आपली लक्षणे नेमकी तशीच आहेत. जुनी नीडल टाकून दिली नसेल तर दोन्ही नीडल टोकापासून सारख्याच अंतरावर मायक्रोमीटरने मोजून पाहा. जुने जेट कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये दोन दिवस भिजवा, विजेच्या वायरमधील तांब्याची एकच बारीक तार वापरून मोकळे करा आणि उजेडासमोर धरून भोक गोल दिसते का ते पाहा. पोलादी पिन मुळीच घालू नका, पितळ तिच्यापुढे टिकत नाही.

त्याच बैठकीत डायफ्रॅमही तपासा: स्लाइड बोटाने वर उचला, हवेचे छिद्र बंद करा आणि सोडा, ती संथपणे खाली आली पाहिजे. धपकन पडली तर रबराला भोक आहे. फ्लोट गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे आले तर तो फुटका आहे आणि पेट्रोलची पातळी वाढवतो आहे.

दुसरा प्रतिसाद

वरील मताशी सहमत असून एकच भर घालतो. जितके दिवस डावा सिलिंडर जास्तीचे पेट्रोल घेत होता, तितके दिवस न जळलेले पेट्रोल रिंगांवरून खाली उतरून ऑइल पातळ करत होते. या इंजिनात कॅमशाफ्टला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) वेगळे बेअरिंग नसतात. ती हेडच्या दोन्ही बाजूंच्या ॲल्युमिनियमच्या भागांतच फिरते आणि केवळ ऑइलच्या थरावर तग धरते. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर दुरुस्तीची चाचणी घेण्याआधीच ते बदला. तिथली झीज रिंगांपेक्षा कितीतरी महागात पडते.

धागाकर्त्याकडून पुढील माहिती

दोघांचे मनापासून आभार. ऑइलला खरोखरच पेट्रोलचा वास होता, ते त्याच दिवशी बदलले. कार्ब्युरेटर उतरवून, गरम इंजिनावर मोजलेले कॉम्प्रेशन उजवीकडे ११.५ आणि डावीकडे ११ आले. सुदैवाने जुने भाग मी एका डबीत जपून ठेवले होते. टोकापासून ३० मि.मी. अंतरावर किटमधील नीडल मूळ नीडलपेक्षा ०.१ मि.मी. बारीक भरली, म्हणजे तितक्या उंचीवर तिच्याभोवतीची पोकळी मोठी राहत होती. डायफ्रॅम आणि फ्लोट दोन्ही ठीक निघाले. जुने जेट तीन दिवस भिजवल्यावर मोकळे झाले आणि मूळ नीडलसह परत बसवले.

काल चाळीस मिनिटे गाडी चालवली. दोन्ही सायलेंसरचे पाइप सारखेच तापत होते आणि डावा प्लग काढला तेव्हा तो फिकट तपकिरी होता. मी तो बराच वेळ हातात धरून पाहत बसलो. इंजिन अर्थातच उघडलेले नाही.

एक लहान गोष्ट उरली आहे. आयडलिंगवरून हळूच रेस दिली की क्षणभर अडखळते आणि मग स्वच्छ उचलते. दोन्ही थ्रॉटलच्या दांड्या (स्लाइडहून वेगळ्या, केबलने ओढल्या जाणाऱ्या हवेच्या झडपांच्या) समोरून पाहिल्या तेव्हा उजवी आधी हलते आणि डावी किंचित मागे राहते असे दिसले. या शनिवारी केबलचे नट सैल करून दोन्ही एकाच क्षणी हलतील असे जुळवणार आहे. तेवढ्याने भागते, की त्यानंतर निर्वातमापक लावून पाहणे आवश्यक ठरते, हे ज्यांनी या गाडीवर केले आहे त्यांनी कृपया सांगावे.