जुन्या गाडीचे शॉकअप घरीच बदलायचेत, कुठपर्यंत स्वतः करावं?

घरचं गॅरेज

गाडी हॅचबॅक आहे, १५ वर्षं झाली, १ लाख ४० हजार किमी चाललीय आणि शॉकअप अजून कंपनीतून आलेलेच आहेत. दोन-तीन महिन्यांपासून स्पीड ब्रेकर उतरला की मागची बाजू दोन-तीन झोके घेते मग शांत होते, ब्रेक मारला की नाक खाली जातं, आणि मागच्या डाव्या शॉकअपवर तेल ओघळून त्यावर धुळीचा थर बसलाय. पुढच्या दोघांवर तेल दिसत नाही पण खराब रस्त्यावर हळू जाताना उजवीकडून टकटक येते.

ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड मी घरीच बदलतो त्यामुळे चारही शॉकअप स्वतः टाकायचा विचार आहे. जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), सॉकेट सेट आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराइतकंच आवळायचा पाना) आहे, स्प्रिंग कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं साधन) एका ओळखीच्यांकडून मिळेल, पण तो मी कधी वापरलेला नाही. गळतोय तो एकच बदलला तर चालेल का? आणि नंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करावीच लागते का?

पाना_१७

एकच बदलू नका, मागचे दोन्ही एकदम बदला. एका बाजूला नवा कडक आणि दुसरीकडे १५ वर्षांचा मऊ असला की वळणावर आणि जोरात ब्रेक मारल्यावर गाडी दोन्हीकडे वेगवेगळी वागते.

मागचं काम घरी होण्यासारखं आहे, पण आधी गाडीखाली वाकून बघा की स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी बसलीय की शॉकअपच्या भोवती आहे. वेगळी असेल तर खाली एक बोल्ट आणि वर एक नट (बऱ्याच हॅचबॅकमध्ये तो डिकीतल्या कव्हरखाली असतो), एवढंच काम. भोवती असेल तर मागच्यालाही खाली पुढच्यासाठी लिहितोय तेच लागू.

मागची बाजू उचलताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना असतो, ती चाकं हवेत गेली की त्याचा काही उपयोग नाही. पुढच्या चाकांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे लावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि गाडी घोड्यांवर उतरवल्याशिवाय खाली हात घालू नका. मग जॅक मोकळा झाला की तो अॅक्सलखाली (मागची दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या भागाखाली) लावून थोडा टेकवा आणि त्यानंतरच खालचा बोल्ट काढा. अॅक्सलला खाली जाण्यापासून अडवतो तो शॉकअपच, तो सुटला की अॅक्सल एकदम खाली येतो आणि ब्रेकच्या होजवर (रबरी नळीवर) ताण बसतो, स्प्रिंगही जागेवरून निसटू शकते. एका वेळी एकच बाजू सोडा.

पुढचं मात्र वेगळं प्रकरण आहे. तिथे मॅकफर्सन स्ट्रट असणार, म्हणजे स्प्रिंग शॉकअपवरच दाबून बसवलेली. वरचा मधला मोठा नट त्या स्प्रिंगला धरून असतो, स्प्रिंग न दाबता तो सोडला तर ती सुटते आणि माणसाचा जीव जाऊ शकतो. पहिल्यांदाच करताय तर माझं ऐका, पूर्ण स्ट्रट घरी काढा (वर बॉडीला धरणारे बाजूचे छोटे नट काढायचे, मधल्याला हात लावायचा नाही), तो गॅरेजला नेऊन तिथल्या प्रेसवर शॉकअप बदलून घ्या आणि परत घरी बसवा.

अलाइनमेंट पुढचं उघडलं तर करावीच लागेल, कारण स्ट्रट ज्या दोन बोल्टनी नकलला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) जोडलेला असतो तिथेच कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव, बदलतो. सोडायच्या आधी खुणा केल्या तर गाडी अलाइनमेंटच्या ठिकाणी नेण्यापुरती ठीक राहते.

लिंकरॉड

वरचं सगळं बरोबर, पण पुढच्या टकटकीवरून शॉकअप गेला असं धरू नका. हळू चालवताना खड्ड्यात टकटक येते ती बऱ्याचदा स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडीचा कल कमी करणाऱ्या आडव्या दांड्याच्या) लिंक रॉडची असते, नाहीतर स्ट्रटच्या वरच्या माउंटची (बॉडीला जोडणाऱ्या रबरी बैठकीची) किंवा लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांडीच्या) रबरी बुशची. चाकं जमिनीवर असतानाच लिंक रॉड हाताने धरून जोरात हलवा, जॉइंटमध्ये खटखट लागली तर आधी तोच बदला, दोन नटांचं काम आहे. माउंटसाठी बॉनेट उघडून स्ट्रटच्या वरच्या रबरावर हात ठेवा आणि दुसऱ्या कुणाला स्टिअरिंग फिरवायला सांगा, धक्का बसतो की नाही ते कळतं.

शॉकअप खरंच गेलाय का ते टायरवरही दिसतं. तळहात टायरवरून गोल फिरवा, लाटा लागल्यासारखे चढ-उतार जाणवले तर टायर रस्त्यावर नीट टेकत नव्हता, म्हणजे ब्रेक लागायचं अंतरही वाढलेलं असणार, म्हणून मागचे लांबणीवर टाकू नका.

घरचं गॅरेज

स्प्रिंग वेगळीच आहे, बरं वाटलं. आज उजवीकडचा काढायला घेतला, खालचा बोल्ट गंजाने जाम आणि वरचा नट फिरवला की आतला दांडाही बरोबर फिरतो. पकडीने दांडा धरू का?

पाना_१७

जुना टाकूनच द्यायचाय तर धरा, पण नव्याला पकड अजिबात लावू नका. त्या चकचकीत दांड्यावर ओरखडा पडला की तो सील कापत राहतो आणि नवा शॉकअपही गळायला लागतो. दांड्याच्या टोकाला एलन कीची जागा किंवा दोन सपाट बाजू असतात, तिथे धरून रिंग पान्याने नट फिरवा. खालच्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, जोर लावून बोल्ट तोडू नका.

नवा बसवण्याआधी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि ओढा, आडवा पडून राहिलेला असतो त्यामुळे आत हवा तेलात मिसळलेली असते. बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा मऊ तुकडा) आणि धूळ अडवणारं कव्हर बहुतेक वेळा वेगळं घ्यावं लागतं, जुना बंप स्टॉप हाताने चुरला जात असेल तर परत लावू नका, नट पण नवे वापरा.

आणि हे बरेच जण चुकवतात, खालचा बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नका. नुसता हाताने लावून गाडी चाकांवर उतरवा आणि मग टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. हवेत आवळला तर रबराचं बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं.

घरचं गॅरेज

दोन्ही मागचे झाले. बोल्ट दुसऱ्या दिवशी सकाळी सुटला, एका बाजूला दीड तास गेला आणि दुसरी ४० मिनिटांत झाली. जुना हाताने दाबला तर काही जोर न लागता आत गेला आणि तिथेच राहिला, म्हणजे त्यात काही उरलंच नव्हतं. स्पीड ब्रेकरवर गाडी आता एकदाच दबते आणि थांबते, मागे बसलेल्या आईलाही फरक कळला. पुढे उजव्या लिंक रॉडचा जॉइंट सैल निघाला, तो बदलला आणि टकटक गेली. पुढचे स्ट्रट पुढच्या महिन्यात काढतो, स्प्रिंगचं काम गॅरेजलाच.

लिंकरॉड

छान. ५० ते १०० किमी चालल्यावर चाकांचे नट परत एकदा टॉर्कला तपासा. जुने शॉकअप गॅसचे असतील तर कापू नका, भोकं पाडू नका, जाळात तर अजिबात टाकू नका, आत दाब असतो. जसेच्या तसे भंगारात द्या आणि देताना गॅस आहे ते सांगा.