२७ एनएम विरुद्ध १४ एनएम: घाटात फरक कशाचा?

प्रश्न: रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ची पॉवर २०.२ बीएचपी, यामाहा आर१५ व्ही४ ची १८ च्या आसपास. मग घाटात डबलसीट असताना आर१५ चे गिअर सारखे का पाडावे लागतात?

घाटवाट: पॉवर कुठल्या आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या) मिळते, तिथे मेख आहे. क्लासिकचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २७ एनएम (न्यूटन-मीटर), ४००० ला. आर१५ चा १४.२, तोही ७५०० ला. एनएम गुणिले आरपीएम भागिले ९५४९ म्हणजे किलोवॅट. ४००० ला क्लासिक ११.३ किलोवॅट देते. आर१५ ने तिथे कमाल टॉर्क दिला असं धरलं (देत नाही!) तरी ६ भरत नाहीत.

पाना१०: पण गिअर टॉर्क वाढवतो, हे विसरू नका. आर१५ खालच्या गिअरमध्ये ७-८ हजारांवर ठेवा, गाडी हलकी आहे, झकास चढते. पाचव्यात ३००० ला थ्रॉटल पिळला तर इंजिन नॉक करतं (आतून ठकठकतं), चेन आपटते. तो दोष गाडीचा नाही.

प्रश्न: आर१५ चं पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) १४ ऐवजी १३ दातांचं टाकलं तर?

घाटवाट: चाकावरचा टॉर्क ७.७ टक्के वाढेल, त्याच आरपीएमला वेग ७ टक्के घटेल. इंजिनची पॉवर तेवढीच. चेन सैल पडेल, ताण पुन्हा लावा. स्पीडोमीटरचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर काटा जास्त वेग दाखवेल.

पाना१०: हायवेवर रोज जात असाल तर नका टाकू, इंजिन उगाच ओरडत राहील.