तीन महिन्यांचं गर्भनिरोधक इंजेक्शन घ्यावं का? कुणाला अनुभव आहे का?

बाळ चार महिन्यांचं आहे, अंगावर पितंय. गोळी रोज लक्षात राहणं अवघड आणि तांबी बसवायची भीती वाटते. डॉक्टर म्हणाल्या डीएमपीए, म्हणजे हेच तीन महिन्यांचं इंजेक्शन घे. पण ऐकलंय पाळी बंद होते, वजन वाढतं, पुढे मूलच राहत नाही. खरंय का हे सगळं? दोनेक वर्षांनी दुसरं हवंय.

— मी घेत होते. रोजची कटकट नाही हे सगळ्यात भारी. पण सुरुवातीचे महिने डाग कधी लागतील नेम नाही, पर्समध्ये कायम पॅड. मग पाळी थांबलीच. वजनही वाढलं, ते मात्र मनाला लागलं.

— मी नर्स आहे. पाळी थांबली म्हणजे रक्त आत साठतं असं अजिबात नाही गं, गर्भाशयाचं अस्तरच पातळ राहतं त्यामुळे बाहेर पडायला काही नसतं. यात इस्ट्रोजेन हे हार्मोन नाही, म्हणून बाळ सहा आठवड्यांचं झालं की अंगावर पाजतानाही चालतं, दूध कमी होत नाही. वेळेवर घेतलं तर वर्षात हजारात दोघींनाच दिवस जातात. हाडं थोडी विरळ होतात, बंद केल्यावर बरीचशी भरून येतात, तरी वर्षानुवर्षं घ्यायचं असेल तर डॉक्टरांशी बोलूनच. आणि टोचलेली जागा चोळू नकोस, औषध लवकर उतरतं.

मला खरी अडचण वाटते ती वेगळीच. तांबी काढता येते, गोळी थांबवता येते, हे एकदा टोचलं की त्रास झाला तरी तीन महिने काढावेच लागतात.

— थँक्यू ताई, आणि दुसऱ्या बाळाचं?

— मूल राहतं, कायमचं वांझपण येत नाही, पण उशीर होतो. शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण दहा महिने धर, काहींना वर्षाच्या वरही लागतं. म्हणजे दोन वर्षांनी हवंय तर वर्षभरातच थांबवावं लागेल, आणि घाई असेल तर तांबीचा विचार परत कर, ती काढली की लगेच राहू शकतं. पण उशीर होतो म्हणून तारीख चुकवून निर्धास्त राहू नकोस, चार आठवड्यांपेक्षा जास्त लांबलं तर कंडोम वापर आणि पुढचं इंजेक्शन घेण्याआधी प्रेग्नन्सी टेस्ट कर. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल किंवा कारण न कळलेलं ब्लीडिंग असेल तर आधीच सांग.