रविवारची सायकल, रोजची सायकल: त्या पोस्टला माझं उत्तर

पहाटफेरी
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक पोस्ट फिरत आली. थोडक्यात मजकूर असा: रविवारी पहाटे सिंहगड रस्त्यावर घट्ट रंगीत कपडे घालून लाखाच्या सायकली फिरवणाऱ्यांना सायकलस्वार म्हणू नका. खरा सायकलस्वार म्हणजे कामावर सायकलनं येणारा आपला वॉचमन. बाकीच्यांचे नुसते चोचले, त्यांच्यासाठी आम्ही रस्त्यात का थांबायचं? खाली बत्तीस अंगठे.

दोन दिवस गप्प बसलो. आता लिहितोच.

मी सेहेचाळीस वर्षांचा. चार वर्षांपूर्वी रक्तात साखर निघाली आणि अठरा हजारांना जुनी सायकल घेतली. पहिल्या रविवारी वारज्याहून खडकवासल्यापर्यंत गेलो आणि धरणापाशी पाय थरथरायला लागले म्हणून तासभर कठड्यावर बसून राहिलो. आज डोणजे फाट्यापासून गडाच्या वाहनतळापर्यंतचा साधारण नऊ किलोमीटरचा घाट पाय न टेकता चढतो. शेवटच्या चढाला डोक्यात घर नसतं, ऑफिस नसतं, पुढच्या वळणापर्यंतचं डांबर तेवढं दिसतं. ही हौस आहे, मान्य. पण हौसेनं चालवणाऱ्याचा रस्त्यावर हक्क नाही, हे कुठून आलं? गडावर भजी खायला चारचाकीतून येणाराही हौसेनंच येतो. दहानंतर घाटात रांगा लागतात त्या सायकलींच्या नसतात.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. ४३७ किलोमीटर, युसीआय या जागतिक सायकल संघटनेच्या कॅलेंडरवरची शर्यत. तिच्यासाठी जिल्ह्यातले कितीतरी रस्ते नव्यानं झाले. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ ही सायकल शर्यत पुरी केली, दवाखाना सांभाळून. या शहरात सायकलीचा विषय कोणी जिवंत ठेवला असेल तर आम्ही हौशी लोकांनी. बोला.

डोणजेकर
बोलतो. माझं घर त्याच रस्त्यावर आहे. पहाटे साडेपाचला दूध घेऊन माझा टेम्पो निघतो. तुम्ही एकटे जाता तेव्हा कुणाचीच तक्रार नाही. पण तुमचे ग्रुप येतात, तिघं-तिघं शेजारी, गप्पा मारत. हॉर्न दिला की मागे वळून असं बघतात जणू मीच त्यांच्या अंगणात शिरलोय. मागच्या पावसाळ्यात एकानं ब्रेक मारला, मागचे चौघे एकमेकांवर पडले आणि मला टेम्पो गटारात घालावा लागला. चाळीस लिटर दूध गेलं. पडलेल्यांपैकी एकानं आधी काय केलं असेल? हातातलं घड्याळ बंद केलं, वेळ चुकायला नको म्हणून! हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ब्रेव्हे६००
एका ग्रुपवरून सगळ्यांना झोडपू नका. बीआरएम म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, सहाशेला चाळीस. अंधारात पुढे-मागे दिवे आणि अंगात चमकणारं जॅकेट नसेल तर बाद करतात. आमच्याइतकी शिस्त तुमच्या टेम्पोवाल्यांनी पाळली तर अर्धे अपघात कमी होतील. किती टेम्पोंचे मागचे दिवे लागतात, सांगा बरं.

डोणजेकर
माझे दोन्ही लागतात. कधीही येऊन बघा. आणि ‘तुमचे टेम्पोवाले’ काय? मी इथे एकटा लिहितोय.

ब्रेव्हे६००
मग तुम्हीही ‘तुमचे ग्रुप’ म्हणू नका. मीही एकटाच चालवतो, बहुतेकदा रात्री. मागून येणाऱ्या गाडीनं अंतर न ठेवता ओव्हरटेक केलं की काय वाटतं ते स्टिअरिंगमागे बसून कळत नाही. माझ्या कोपरात रॉड आहे.

जुना_बिल्ला
मी सत्तरीच्या पुढचा. शनिवार पेठेतून पिंपरीच्या कारखान्यात बावीस वर्षं सायकलनं गेलो. सकाळच्या पाळीला हॅरिस पुलावर सायकलींची अशी दाटी असायची की पाय टेकवायला जागा नसे. तेव्हा सायकलीला पालिकेचा पितळी बिल्ला लागायचा, दरसाल नवा. दिवा नसला की हवालदार दोन्ही चाकांतली हवा सोडून द्यायचा, डबलसीट दिसली की पकडायचा. आम्हाला राग यायचा, पण आज वाटतं, सायकल हे वाहन आहे असं सरकार निदान मानत तरी होतं.

आणि हौस तेव्हाही होती. १९४५ पासून मुंबई-पुणे सायकल शर्यत होते आहे. मी वडिलांच्या सायकलीच्या नळीवर बसून जुन्या मुंबई रस्त्यावर ती बघायला जायचो. बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणायचे. आमच्या वाड्यातली पोरं मोठ्या सायकलीत आतून पाय घालून चालवत स्वतःला घाटाचा राजा म्हणवून घ्यायची. बघायला उभे असायचे ते सगळे कामगारच. त्यांना हा रविवारचा आणि हा रोजचा असा भेद कधी सुचला नाही.

सुमेधा_को
काका, नळीवर बसण्यावरून बाबांची आठवण आली.

पण मला दुसरंच म्हणायचं आहे. रस्त्याचं होईल तेव्हा होईल. आधी घरातून सायकल बाहेर काढता आली पाहिजे. मी कोथरूडहून शिवाजीनगरला रोज सायकलनं ऑफिसला जाते, म्हणजे पोस्टवाल्यांच्या हिशेबानं ‘खरी’. आमच्या इमारतीत लिफ्टमध्ये सायकल न्यायची नाही असा फलक लावलाय. फ्रीज चढतो, गाद्या चढतात, लग्नाचं सामान चढतं. सायकलनं म्हणे लिफ्टचा पत्रा घासतो. खाली ठेवावी तर पार्किंग गाड्यांचं. मागच्या वर्षी माझी सायकल जिन्याखालून गेली, कुलपासकट. आता तीन मजले खांद्यावर घेऊन चढते. पावसात चिखलाचं पाणी मानेवर गळतं.

खजिनदार_ब_विंग
मी एका सोसायटीचा पदाधिकारी आहे, तुमच्या नव्हे. दुसरी बाजू ऐका. आमच्या पार्किंगमध्ये एकतीस सायकली आहेत. चालू किती? सात. बाकीच्यांच्या चेन गंजून एकजीव झाल्यात, टायर भुईला चिकटलेत. मुलं अमेरिकेला गेली, सायकली इथेच. काढा म्हटलं की आई-वडिलांच्या डोळ्यांत पाणी. लिफ्टचा आरसा एका हँडलनं फुटला त्याचे साडेचार हजार सगळ्यांनी भरले. म्हणून नियम केला. हौसेनं नाही केला.

सुमेधा_को
आरसा फुटला तर फोडणाऱ्याकडून घ्या. गाडीनं खांब ठोकला तर तुम्ही गाड्यांना बंदी घालता का?

खजिनदार_ब_विंग
गाडीवाला पार्किंगचे पैसे भरतो.

सुमेधा_को
मी भरते ना! महिन्याला घ्या माझ्याकडून. द्या पावती आणि द्या जागा. दीड फूट रुंद, सहा फूट लांब. एका चारचाकीच्या जागेत सहज आठ मावतात. आजवर कुणी मला पैसे मागितलेच नाहीत, थेट ‘नाही’च सांगितलं.

आरे_आउट_सोल्यूशन
वडिलांचं सदाशिवात सायकलचं दुकान होतं म्हणून सांगतो. सायकली पडून राहतात त्याचं कारण मुलं अमेरिकेला गेली हे नाही. पंक्चर काढणारा उरला नाही, हे आहे. पूर्वी प्रत्येक चौकात एक पत्र्याचा डबा, पाण्याची घमेली आणि पंप. वडील ट्यूब पाण्यात फिरवायचे आणि बुडबुडा दिसला की त्यावर अंगठा ठेवून दुसऱ्या हातानं घासकागद घ्यायचे. अंगठा हलायचा नाही. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढताना कान लावून बसायचे, ब्रेकच्या रबराला रिम कुठे घासते ते ऐकायला. आता मोटारसायकलचं पंक्चर काढणारा सायकल बघून हात झटकतो, त्याला त्यात काही सुटत नाही. आणि मोठ्या दुकानात नुसती सर्व्हिसिंगला दीड हजार. वॉचमननं कुठे जायचं?

ब्रेव्हे६००
यूट्यूबवर बघून शिकता येतं की. दहा मिनिटांचं काम.

आरे_आउट_सोल्यूशन
बारा तासांची पाळी करून आलेल्याला तुम्ही यूट्यूब सांगताय?

पहाटफेरी
मंडळी, धागा लिफ्टमध्ये अडकला. प्रश्न होता हौशी सायकलस्वारांना रस्त्यावर हक्क आहे की नाही.

सुमेधा_को
अडकू दे. तुमची सायकल कुठे असते?

पहाटफेरी
हॉलमध्ये. भिंतीला हूक आहे. पहिला मजला, जिन्यानं नेतो.

सुमेधा_को
म्हणून तुम्हाला रस्ता आधी आठवतो.

भोसरी_नाइट
दोन दिवस वाचतोय. त्या पोस्टमधला ‘खरा सायकलस्वार’ मी आहे. वॉचमन नाही, प्लांटमध्ये हेल्पर. दिघीहून भोसरीला जातो, रात्रपाळीला. माझं नाव घेऊन दोन्हीकडचे भांडताय म्हणून लिहितो.

पोस्ट लिहिणाऱ्याला माझा पुळका आलेला नाही. त्याला तुमचा राग आलाय, म्हणून त्यानं मला पुढे केलं. मी कामावर जाताना त्याची गाडी माझ्यामागे आली तर तो मलाही हॉर्नच देणार. पण पहाटफेरी साहेब, तुम्हीही रस्ते झाले म्हणून आमच्यावर उपकार सांगू नका. शर्यतीचे रस्ते झाले तिकडे मुळशी-मावळात. माझ्या रस्त्यावर सायकल ट्रॅक म्हणून जे आहे त्यावर भेळेची गाडी, दोन टपऱ्या आणि उखडलेल्या फरश्या. मी कधीच त्यावरून जात नाही, कुणीच जात नाही. कंटेनरच्या शेजारून जातो. गेल्या दिवाळीआधी एकाच्या आरशानं खांद्याला धक्का दिला, तो थांबलाही नाही. नऊ दिवस पगार बुडाला. माझ्याकडे मागचा दिवा नव्हता, हे खरं आहे. नव्वद रुपयांचा दिवा. घेईन घेईन म्हणत राहिलो.

आणि एक. सुट्टी असली की मी पोराला कॅरिअरवर बसवून आळंदीला जातो. काम काही नसतं. इंद्रायणीच्या घाटावर बसतो, येताना त्याला पेरू घेतो. आता ही माझी सायकल खरी की चोचले?

जुना_बिल्ला
शाबास.

पहाटफेरी
रस्त्यांबद्दल माझं चुकलं. मी त्या रस्त्यांवर जातो म्हणून मला ते सगळ्यांचे वाटले. ते वाक्य मागे घेतो. हक्काचं मात्र मागे घेत नाही, आणि तुम्ही आळंदीला जाता त्यातही मला तोच हक्क दिसतो.

डोणजेकर
भोसरीवाल्या दादांचं पटलं. ते चांगले रस्ते झाले त्याचा आमच्याकडे वेगळाच ताप आहे, रस्ता गुळगुळीत झाला की मोटारसायकली सुसाट सुटतात. शाळेची पोरं त्याच कडेनं सायकली चालवतात. त्या पोरांचा विचार करायला लागलो तर तुमच्या ग्रुपांपेक्षा त्या मोटारसायकलींचा राग जास्त येतो, एवढं कबूल करतो. पण वळणावर एकामागे एक चाला. समोरून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही.

ब्रेव्हे६००
वळणावर एकामागे एक, हे बरोबर आहे. आमच्या ग्रुपवर टाकतो. घड्याळाचं जे लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं, कारण मीही तसंच केलं असतं. दुधाचे पैसे कुणी दिले का?

डोणजेकर
दोघांनी दिले. नंतर येऊन दिले. ते मी आधी लिहिलं नाही.

खजिनदार_ब_विंग
चालू सायकलींना नंबर देऊन भिंतीला हूक लावावेत, पडीक असलेल्या तीन महिन्यांच्या नोटिशीनं दुरुस्त करून गरजूंना द्याव्यात, असा विषय पुढच्या सभेत ठेवतो. लिफ्टचं मात्र माझं मत बदललेलं नाही.

आरे_आउट_सोल्यूशन
दुरुस्तीला मी येतो, रविवारी. आउट काढायचं स्टँड आहे वडिलांचं. सामानाचे पैसे तेवढे द्या.

सुमेधा_को
खजिनदार काका, एक राहिलं. तुमचा वॉचमन सायकलनं येतो का? ती कुठे असते?

खजिनदार_ब_विंग
येतो. ती बाहेर असते. गेटच्या बाहेर, विजेच्या खांबाला साखळीनं बांधलेली.

सुमेधा_को
आत का नाही?

खजिनदार_ब_विंग
पार्किंग फक्त सभासदांसाठी, असा नियम आहे. आठ वर्षांपूर्वीचा. मीच लिहिलाय.

ती पोस्ट आमच्याही ग्रुपवर आली होती. मी अंगठा दिला होता.

जुना_बिल्ला
पावसात सीट भिजत असेल त्याची. फोम पाणी धरून ठेवतो, मग बसलं की दिवसभर विजार ओली.

खजिनदार_ब_विंग
सीटवर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली असते. रोज बघतो. जनरेटरच्या खोलीशेजारी छपराखाली जागा आहे. उद्या सकाळी आत घ्यायला सांगतो, सभेची वाट बघत नाही.

आरे_आउट_सोल्यूशन
भिंतीला एक लोखंडी कडी ठोकून घ्या, साखळी अडकवायला. अर्धा इंची घ्या, बारीक कापली जाते.