गुहागर-चिपळूण पट्ट्यात घटस्फोटाचा वकील कसा निवडावा?

खाडीकाठ
बहिणीसाठी विचारतोय. माहेर गुहागर तालुक्यात, लग्न इथेच झालं, सासर बोरिवलीला. दीड वर्षापासून ती माहेरी आहे, चार वर्षांचं मूल तिच्याजवळ. नवरा परस्परसंमतीला कधी हो म्हणतो, कधी फिरतो. वकील इथला बघावा की मुंबईचा? आणि तो कामाचा आहे की नाही, हे फी देण्याआधी कसं कळणार? गावात विचारलं की जो तो आपल्या जमिनीच्या दाव्यातल्या वकिलाचं नाव सांगतो.

रोजनामा
आधी कोर्ट ठरवा, मग वकील. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लग्न झालं ते ठिकाण, दोघं शेवटी एकत्र राहिली ते ठिकाण, समोरचा राहतो ते ठिकाण, आणि अर्जदार पत्नी असेल तर ती सध्या राहते ते ठिकाण, यांपैकी कुठेही अर्ज करता येतो. म्हणजे ताईंना बांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात खेपा घालायची गरज नाही. कौटुंबिक न्यायालय नाही तिथे हे अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतात. घराजवळचा वकील शोधू नका, त्या कोर्टात रोज उभा राहणारा शोधा.

पण नवऱ्याने आधी बांद्र्याला घटस्फोटाचा अर्ज टाकला, तर ताईंचा नंतरचा अर्ज कलम २१-अ खाली तिकडे वर्ग होऊ शकतो. मग हायकोर्टात बदलीचा अर्ज करावा लागतो. त्यात पत्नीची आणि लहान मुलाची गैरसोय सहसा विचारात घेतात, तरी वेळ आणि पैसा जातोच. त्यामुळे ‘बघू, नोटीस पाठवू’ म्हणत महिने काढणारा वकील इथे परवडत नाही.

पारख करायची तर ई-कोर्ट्सचं ॲप उघडा. राज्य, जिल्हा, न्यायालय संकुल निवडून वकिलाच्या नावाने शोधा. सनद क्रमांकानेही, म्हणजे वकिलाच्या नोंदणी क्रमांकानेही, सापडतं. प्रलंबित आणि निकाली, दोन्ही याद्या बघा. त्यात विवाह याचिका किती, दिवाणी दावे किती, ते मोजा. मग दोन-चार विवाह याचिकांच्या तारखा वाचा. साक्षीपुराव्यापर्यंत गेलेली एक तरी आहे का? सगळ्या तडजोडीत निघाल्या असतील तर उलटतपासणीचा हात किती, हा प्रश्न उरतो. कौटुंबिक प्रकरणात आदेशाची प्रत दिसेलच असं नाही. आणि तारखा पडल्या म्हणजे वकीलच कामचुकार असंही नाही, समन्स न बजावल्यानेही पडतात.

कलमवाली
पोटगीबद्दल पहिल्याच भेटीत विचारा. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानंतर दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्याघेण्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ते वकील स्वतः समोर बसवून भरून घेतो की कारकुनावर सोडतो, त्यावरून बरंच कळतं.

कोकणातली खरी मेख म्हणजे बागेचं उत्पन्न. सातबारा सामायिक, त्यावर चुलते-पुतणे मिळून वीस नावं, आणि शेतीवर आयकर नाही म्हणून विवरणपत्रात काही ठळक दिसत नाही. नवरा पगाराची स्लिप पुढे करून मोकळा होतो. वाशीच्या दलालाची विक्रीपट्टी, बँकेतली मे-जूनची जमा, आंब्याची कलमं कराराने दिली असतील तर तो कागद, हे मागवायचं ज्याला सुचतं तो वकील उपयोगाचा. सासरची बाग असेल तर या बाबतीत मुंबईच्या नावाजलेल्या वकिलापेक्षा इथलाच बरा, असं माझं मत.

साळिंदर
संमतीचं ठरलंच तर कसोटी लागते ती अटींच्या मसुद्यावर. एक वर्ष वेगळं राहणं हवं, ते झालंय. पहिल्या अर्जानंतरचा सहा महिन्यांचा काळ २०१७ पासून कोर्ट योग्य प्रकरणात माफ करू शकतं, पण ‘महिन्यात मोकळं करतो’ अशी हमी देणाऱ्यापासून लांब राहा. हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं, आणि ताईंचा नवरा तर आत्ताच डळमळतोय. म्हणून रकमेचा मोठा भाग शेवटच्या तारखेलाच, डिमांड ड्राफ्टने, कोर्टासमोर. स्त्रीधनाची यादी वजनासकट. मुलाच्या भेटीचे वार आणि जागा, गणपती आणि मे महिन्याची सुट्टी कोणाकडे, हेही त्यातच लिहून घ्या.

छळाची फौजदारी तक्रार झाली असेल तर ती घटस्फोटाबरोबर आपोआप संपत नाही, रद्द करायला हायकोर्टात जावं लागतं. गुन्हा रत्नागिरी जिल्ह्यात नोंदला असेल तर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच, बोरिवलीला असेल तर मुंबई. या कामाचे पैसे ठरलेल्या फीमध्ये धरलेत का, ते आधीच विचारा.

खाडीकाठ
फी कशी ठरवायची? आणि इथे सगळेच एकमेकांचे पाव्हणे, त्याचं काय?

रोजनामा
टप्प्याने ठरवा: अर्ज, अंतरिम पोटगी, पुरावा, युक्तिवाद. टायपिंग, नोटरी, समन्सचा खर्च वेगळा लिहून घ्या आणि पावती मागा. मिळणाऱ्या रकमेत टक्का मागणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, जाहिरात करणंही नाही. तेव्हा ‘घटस्फोटात नंबर एक’ असा फलक दिसला की समजून घ्या. सासरच्यांचं एखादं काम त्याने पूर्वी केलंय का, हे कागद दाखवण्याआधी विचारायचं. वकीलपत्र कोऱ्यावर सही करून देऊ नका.

कलमवाली
पैशाची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीत अर्ज द्या, ती कोर्टाच्या आवारातच असते. बाईला उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो. मदत क्रमांक १५१००. त्या वकिलाने पैसे मागितले तर जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. मूळ कागद मात्र कोणाकडेच ठेवू नका, झेरॉक्स द्या. ग्रामसेवकाच्या नोंदणीचा दाखला, लग्नपत्रिका, मुलाचा जन्मदाखला, सगळ्याच्या. वकील बदलायची वेळ आली आणि फी थकली म्हणून त्याने फाईल अडवली, तर तसा हक्क त्याला नाही.