मदत हवी आहे : गेम आधी छान चालतो, मग फ्रेमरेट एकदम कोसळतो

निशाचर :
पीसी असा : रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर, साधा बी४५० मदरबोर्ड, आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड (८ जीबी), डीडीआर४ रॅम ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या, ६५० वॉटचा पॉवर सप्लाय, एनव्हीएमई एसएसडी. याच बोर्डवर आधी रायझन ५ २६०० होता, त्याच्या डब्यातल्याच पंख्यासकट. प्रोसेसर बदलला तेव्हा २४० मिमीचा लिक्विड कूलर बसवून घेतला.

सायबरपंक २०७७, १४४०पी, हाय सेटिंग, रे ट्रेसिंग बंद. सुरुवातीला ७५-८० एफपीएस (सेकंदाला तेवढ्या फ्रेम) मिळतात. वीस-पंचवीस मिनिटांनी एकदम १२-१५. त्या वेळी आवाज तुटतो, माऊससुद्धा अडकतो. दहा-पंधरा सेकंदांत आपोआप सुरळीत, थोड्या वेळाने पुन्हा तेच. प्रोसेसर जास्तीत जास्त ७४ अंश, कार्ड ७३. घर कोपरखैरण्यात, सगळ्यात वरचा मजला, दुपारी खोलीची भट्टी होते. रात्री एसी लावला की त्रास जवळजवळ होत नाही. ड्रायव्हर साफ काढून नव्याने टाकला आहे. विंडोज फॉरमॅट करू का?

ऐरोलीकर :
फॉरमॅट नका करू इतक्यात. आधी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग बघा. ३२०० ची रॅम तिथे २१३३ किंवा २६६६ दाखवत असेल तर बायोसमधलं एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) बंद आहे. दोन्ही पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. ८ जीबी व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची मेमरी) भरत असेल तर टेक्स्चर एक पायरी उतरवून बघा.

सोल्डरवाला :
रॅम तपासाच, पण ती चुकीच्या वेगावर असती तर गेम पहिल्या मिनिटापासून हळू चालला असता. व्हीरॅम भरली तर गेम अडखळतो, पण आवाज आणि माऊस सहसा असे एकत्र लंगडत नाहीत. इथे अख्खा प्रोसेसरच बसतोय. शिवाय एसीत त्रास नाही, म्हणजे काहीतरी तापतंय हे नक्की, फक्त तुम्ही बघताय ते नाही.

माझा संशय व्हीआरएमवर, म्हणजे बोर्डवरच्या प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर आहे. प्रोसेसरच्या खाचेशेजारी छोट्या काळ्या मॉसफेटची रांग असते, पॉवर सप्लायकडून येणारे १२ व्होल्ट सव्वा-दीड व्होल्टच्या आसपास उतरवून देणारी. २६०० ला ६५ वॉटचा टीडीपी (उष्णतेचा कागदावरचा आकडा) होता. ५८००एक्सचा १०५ वॉट, आणि प्रत्यक्षात त्याला १४२ वॉट, सलग ९५ अँपिअरपर्यंत ओढायची मुभा असते. त्यात जुना पंखा खाली बोर्डवर हवा मारायचा, ती व्हीआरएमलाही लागायची. लिक्विड कूलरने प्रोसेसरची उष्णता रेडिएटरकडे नेली आणि व्हीआरएमचा वारा बंद झाला. म्हणून प्रोसेसर थंड दिसतो. व्हीआरएम हद्दीबाहेर तापला की बोर्ड प्रोसेसरला वेग पाडायला लावतो.

अंदाजावर काही विकत घेऊ नका. एचडब्ल्यूइन्फो६४ (सेन्सरचे आकडे दाखवणारा प्रोग्राम) 'सेन्सर्स-ओन्ली' मध्ये उघडा, नोंदीचं अंतर २००० वरून ५०० मिलिसेकंद करा, खालच्या बटणाने लॉग सुरू करा आणि एसी बंद ठेवून खेळा. फ्रेम पडल्या त्या क्षणाच्या ओळीत चार रकाने बघा : कोअर इफेक्टिव्ह क्लॉक (प्रोसेसरचा खरा वेग), सीपीयू पीपीटी (तो ओढत असलेले वॉट), 'थर्मल थ्रॉटलिंग (प्रोचॉट ईएक्सटी)', म्हणजे तापल्यामुळे वेग पाडला का ते, आणि बोर्डवर सेन्सर असेल तर व्हीआरएम किंवा एमओएस तापमान. सरासरी एफपीएस बघून यातलं काहीच कळत नाही.

निशाचर :
लॉग काढला. फ्रेम पडतात तिथे क्लॉक ४.५ गिगाहर्ट्झवरून ०.५५ वर, पीपीटी ९६ वरून २० वॉटच्या आत, प्रोचॉट ईएक्सटी 'येस'. प्रोसेसरचं तापमान उलट ५० वर उतरतं. व्हीआरएमचा सेन्सर दिसत नाही. मॉसफेटवर हीटसिंक नाही, उघडेच आहेत.

सोल्डरवाला :
मग दुसरं काही शोधायला नको. ईएक्सटी म्हणजे वेग पाडण्याचा हुकूम प्रोसेसरच्या बाहेरून आला.

पहिला उपाय फुकटचा आहे. एएमडीच्या रायझन मास्टर प्रोग्राममध्ये इको मोड लावा, म्हणजे प्रोसेसर कमी वीज ओढेल, किंवा बायोसमध्ये पीबीओ (वीज-मर्यादांची सेटिंग) मॅन्युअल करून पीपीटी ८८ वॉट, टीडीसी (सलग करंट) ६० आणि ईडीसी (क्षणिक करंट) ९० अँपिअर भरा. काही बोर्ड आकडा मिलिवॉटमध्ये मागतात, तिथे ८८०००. गेममध्ये फरक जेमतेम पडेल, व्हिडिओ रेंडर करत असाल तर जाणवेल.

दुसरा, १२० मिमीचा पंखा मागच्या बाजूला वरती, हवा बाहेर फेकणारा. रेडिएटर पुढे असेल तर वरच्या जाळीतून व्हीआरएमकडे हवा मारणारा आणखी एक. १००० आरपीएमची झुळूकही पुरते, कारण तिथे आत्ता हवा हलतच नाही.

चिकटपट्टीवाले छोटे हीटसिंक लावणार असाल तर मॉसफेट आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बोर्ड कॅबिनेटमध्ये उभा असतो आणि पट्टी गरम होऊन सैल पडते. अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा चालू ग्राफिक्स कार्डावर पडला तर शॉर्ट होईल. माझं मत विचाराल तर पंखा बरा.

घोडबंदर_रोड :
पुढची जाळीही काढून धुवा. आमच्याकडे मेट्रोच्या कामाची धूळ, तुमच्याकडे खाडीचा दमट वारा, दोन्हींनी जाळीवर चिकट थर बसतो आणि नुसत्या ब्लोअरने तो निघत नाही. पाण्यात धुवा, पूर्ण वाळल्यावरच लावा.

ऐरोलीकर :
माझ्याकडे १२० मिमीचा पंखा पडून आहे, घेऊन जा. चार पिनी आहे, बोर्डवर 'सिस्टिम फॅन'ला लागेल.

निशाचर :
इको मोड लावला, पंखाही बसवला (ऐरोलीकर, मनापासून आभार!). दुपारी एसी बंद ठेवून दोन तास खेळलो. पीपीटी ८८ च्या वर जात नाही, प्रोचॉट ईएक्सटी शेवटपर्यंत 'नो', एफपीएस ७४-८०. गेममधल्या बाजाराच्या गर्दीत मात्र ६० पर्यंत उतरतो. हे व्हीआरएममुळेच का?

सोल्डरवाला :
नाही. लॉगमध्ये क्लॉक टिकून असेल आणि कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या बराच खाली दिसत असेल, तर ते गर्दीचं गणित प्रोसेसरला जड जातंय. गेमप्ले सेटिंगमध्ये 'क्राउड डेन्सिटी' मीडियम करा आणि रिव्हाट्यूनर या प्रोग्रामने ७२ एफपीएसवर मर्यादा घाला. वॉटही वाचतील. बायोस अपडेट केलात तर इको मोडचे आकडे उडतील, ते पुन्हा भरा.